डोंग्याचा गेम

रतन, तुझ्या पुण्यानुमोदनाची जेवणं आटोपली होती, मंडपवाला खुर्च्या एकात एक घालून राहिला होता, आणि मावशीनं मला भांड्यांच्या ढिगाजवळ गाठलं. मला वाटलं, विचारेल जेवलास का म्हणून. किंवा आता तरी रडेल. तू गेल्यापासून तुझी माय कोणापुढं रडली नव्हती, आणि आलेल्या बायका त्याचीच वाट पाहून राहिल्या होत्या. तिनं माझा दंड धरला आणि हळूच विचारलं, "खेमू, त्या पोट्टीचं पुढं काय झालं बावा?"

"कोणत्या पोट्टीचं, मावशी?"

"डोंग्यातली रे. रतन म्हने, सपलं नाई अजून. मी म्हटलं, खेमूले मालूम असंल. तुह्याच हातानं चालत होती न ते."

आता तूच सांग, मी काय बोलणार होतो तिथं? पत्रावळी उचलणारी पोरं भोवताली, समोर पांढऱ्या साड्यांतल्या बायका, भिंतीला टेकवलेला तुझा फोटो, त्यात तू ओठ मिटून बसलेला. फोटो काढताना मीच म्हटलं होतं, हस बे जरा. हसला नाहीस. "निवांत येतो मावशी, मग सांगतो," एवढं बोललो आणि मोटरसायकलला किक मारली. कोहमाऱ्याच्या चौकापर्यंत बरा होतो. पुढं एका ठिकाणी गाडी बाजूला घ्यावी लागली.

घरी, फुलचूरला आल्यापासून हे तुला लिहून राहिलो. रागानं लिहून राहिलो, हे आधीच सांगतो. सगळी कामं अर्धी टाकून जायची तुझी सवय होती, पण हे काम तू माझ्या गळ्यात मारून गेलास, आणि मला गोष्ट सांगता येत नाही हे तुझ्याएवढं कोणालाच माहीत नाही. माझं काम बटणं दाबायचं. सांगायचं काम तुझं.

पहिल्यापासून सुरू करतो. तूही तसंच करायचास. काल काय झालं ते सांगितल्याशिवाय आजचं सुरू नाही, कारण कोणी ना कोणी बाई काल आलेली नसायची.

तो टीव्हीला जोडायचा गेमचा डब्बा कलकत्त्याहून आला. हायवेवरच्या ज्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात तू काम शिकायचास, तिथं एका ट्रकवाल्यानं आणून टाकला. त्यानं ढाब्यावर तो सरळ आपल्या लाईनीला लावला होता आणि आतून धूर निघाला होता. "बन गया तो वापसी में ले जाऊँगा," म्हणून तो नागपूरकडे गेला. वापसीत तो कधी आलाच नाही. दुकानमालकाला त्यात काही गंमत वाटत नव्हती, म्हणून डब्बा तुझ्याकडं आला. तू तो उघडलास, जळलेलं काढलंस, आणि ह्याला आपल्यापेक्षा अर्धीच लाईन लागते हे शोधून काढून बाहेरून एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवलास. तेव्हा आपण शाळेतून नुकते बाहेर पडलो होतो. मी म्हटलं, "चालंल का?" तू म्हणालास, "नाई चालला त पोयपाट करू त्याचा."

चालला. झाकणाखाली एक सीडी आधीपासूनच होती, मागच्या बाजूला कार्ड खोचलेलं. तीच एक सीडी. गाड्या नाहीत, मारामारी नाही, बंदूक नाही. सुरुवातीला एक तळं, तळ्यात एक डोंगा, डोंगा वल्हवणारा म्हातारा आणि फराक घातलेली एक पोरगी. मग पोरगी काठावर उतरते, गावोगाव फिरते, लोकांशी बोलते, सोबती जमवते, वाटेत राक्षस भेटले की आळीपाळीनं त्यांच्याशी लढते. आणि बोलणं किती! पाटीच्या पाटी अक्षरं, कोंबडीनं उकरल्यासारखी. दुकानमालक म्हणाला, चायनाचा माल आहे. जपानचा आहे हे आपल्याला कित्येक वर्षांनी कळलं. अशा गेमला रोल-प्लेइंग म्हणतात, आणि हा गेम त्यांच्या देशाबाहेर कधी विकायलाच काढला नव्हता, हे तर त्याहून उशिरा. तिथंही तो फार कोणी घेतला नाही म्हणे. त्यांच्याच लोकांनी ज्याला विचारलं नाही तो गेम सडक अर्जुनीतल्या तुझ्या टोलीत, गावाच्या कडेच्या त्या वस्तीत, रोज संध्याकाळी चालायचा. आपण त्याला डोंग्याचा गेम म्हणायचो.

तुझे हात गेमचा रिमोट धरायच्या कामाचे नव्हते. थंडी पडली, पावसात भिजलास, की सिकलसेलच्या कळा सुरू. बोटं सुजून गाजरासारखी व्हायची. लहानपणी तू क्रिकेटमध्ये अंपायर व्हायचास, तळ्यात पोहायला गेलो की काठावर आमचे कपडे सांभाळायचास. डब्बा आला तेव्हाही तसंच झालं. पहिल्या दिवशी तू थोडा वेळ बटणं दाबलीस, मग रिमोट माझ्या मांडीवर टाकलास. "तू चालव. मी सांगतो." मला तेव्हा वाटलं, कुठं जायचं ते सांगतोस. तू तर वेगळंच सांगायला बसलास.

तुमच्या घरी समोरच्या खोलीत मावशी आणि शेजारच्या बायका मांडीवर सूप घेऊन बिड्या बांधायच्या. बिडी बांधणारीला मान वर करता येत नाही. पत्ता कापायचा, तंबाखू भरायचा, गुंडाळायचा, तोंड दाबायचं, धागा मारायचा, की लगेच दुसरा पत्ता. डोळे सुपात, कान मोकळे. आधी त्या रेडिओ ऐकायच्या. तो तू दुरुस्तीला म्हणून उघडून ठेवला होतास आणि कधीच परत जोडला नाहीस, त्यामुळं त्या तुझ्यावर तशाही चिडलेल्या होत्या. मग टीव्हीतून गेमचा बाजा वाजायला लागला आणि मावशीनं सुपातून डोळे न काढता विचारलं, "काय होऊन राहिलं रे त्यात?"

आणि तू सांगायला लागलास. एक अक्षर वाचता येत नव्हतं तुला. पाटीवर अक्षरं उमटायची आणि तू न थांबता बोलायचास. दुकानातली जाडी बाई दिसली की, "हे खानावळवाली हाय. म्हनते, पोरी, उपाशी कायले जातेस, बस." पोरगी रात्री सरायीत झोपली की तिनं आधी लाखोरीची डाळ आणि झिंग्याची चटणी खाल्लेली असायची, कारण एकदा तू तिला न जेवता झोपवलंस तेव्हा बायकांनी तुला धारेवर धरलं होतं. विहिरीवर गेलं की खेळ कार्डात साठवता यायचा, तेव्हा तू म्हणायचास, पोट्टी पानी पेऊन राहिली. मग लाईन गेली तरी चिंता नसायची, आणि आपल्याकडं लाईन तर रोजच जायची. विहिरीच्या आधी लाईन गेली की अंधारात सगळ्या बायका एकदम ओरडायच्या, "आगा बाई, पानी पेली नोहोती न ते!" शेजारच्या सुमनबाईला तर शेवटपर्यंत वाटायचं की तुला ती भाषा येते. "पोट्टा शिकला असता त कलेक्टर झाला असता," असं ती मलाच ऐकवायची. मी कॉलेजात शिकून राहिलो होतो, म्हणून मला.

माझा बा चिडायचा. "त्या टोलीत रोज काऊन जाऊन बसतेस? बांधीत काम नाई काय?" आमची धानाची शेती, कामाला माणूस कमी. तरी मी यायचो. तू आमच्या घरी आलास की ओसरीवरच बसायचास, आत कोणी बोलवायचं नाही, आणि तुझ्या घरी मात्र मी चुलीजवळ बसून भाकर खायचो. ह्यावर आपण कधी बोललो नाही. तू बोलला नाहीस म्हणून मीही नाही. आज वाटतं, तू एकदा तरी त्यावरून मला शिव्या द्यायला पाहिजे होत्या. बाकी हजार गोष्टींवरून दिल्यास.

त्या म्हाताऱ्यावरून आपलं किती वाजलं! डोंगा वल्हवणारा तो म्हातारा. तुझं म्हणणं, तो पोरीचा बाप आहे आणि तिला ते माहीत नाही. माझं म्हणणं, तो वैरी आहे. जिथं जावं तिथं काठावर तो आधीच येऊन बसलेला. बापाला एवढा वेळ असतो का? तू म्हणायचास, "तुह्या बाले नाई, म्हनून कोनाच्याच बाले नाई काय?" तुझा बाप तू अंगावर असतानाच गेलेला. बायकांनी अर्थातच तुझ्या बाजूनं निकाल दिला.

दुसरं भांडण फराकचं. टीव्हीवर बातम्या रंगीत दिसायच्या, सिनेमे रंगीत दिसायचे, पण गेम लावला की सगळं काळंपांढरं. आपण ठरवूनच टाकलं होतं की गेमच तसा आहे, जुन्या सिनेमासारखा. पण बायकांना रंग पाहिजे होता. "फराक कोनत्या रंगाचा हाय रे?" मावशीनं विचारलं, आणि तू क्षणभर न थांबता म्हणालास, "पिवरा. हयदीसारखा." मी म्हटलं, लाल आहे. मला खरंच लाल वाटायचा. तू म्हणालास, तुले काय दिसते, तू बटन दाब. त्या दिवसापासून पोरीचा फराक पिवळा, म्हाताऱ्याचं मुंडासं हिरवं आणि तळं सकाळी निळं, संध्याकाळी तांबडं. मी बटणं दाबायचो आणि मनात लाल म्हणायचो.

बाकी सगळी गावं फिरून झाली, मग आलं ते तळ्याच्या मधातलं देऊळ. तिथं गेम अडला. चारी बाजूंनी दिवेच दिवे, खाली फरशीवर खुणा. दिवे एका क्रमानं लावायचे होते, एवढं कळत होतं. कोणता क्रम ते कळत नव्हतं, कारण सगळे दिवे करडे आणि सगळ्या खुणाही करड्या. एक दिवा चुकला की अंधार, देवळात पाणी भरायचं, आणि पुढच्या क्षणी पोरगी परत डोंग्यात, समोर म्हातारा, आणि डोंगा अलीकडच्या काठाला. मी दात-ओठ खाऊन परत जायचो. परत डोंगा. महिने गेले, मग वर्षं गेली. बायकांना तू दर वेळी वेगळं कारण सांगायचास. आज तिले बकऱ्याइची आठवन आली म्हनून फिरली. आज देवीनं म्हटलं, उद्या ये. मावशी बिडीचं तोंड दाबता दाबता विचारायची, "आला का डोंगा परत?" तू म्हणायचास, "आला." "पोट्टी हाय न त्यात?" "हाय, माय." "मंग ठीक हाय. जाईल उद्या."

तुझंही तसंच चाललं होतं. कळा वाढल्या की गोंदियाच्या दवाखान्यात, रक्त चढवायचं, सलाईन, आणि काही दिवसांनी डोळे पिवळे घेऊन तू बसमधून उतरायचास. मी स्टँडवर यायचो. घरी गेल्यावर मावशी दारातून म्हणायची, "आला का परत?" तुला नाही, मला विचारायची. मी म्हणायचो, आणला मावशी. मग ती चहा ठेवायला आत जायची.

पुढं मी गोंदियाला लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगच्या कामाला लागलो. जवळच फुलचूरला खोली केली. सुट्टीच्या दिवशी अर्जुनीला यायचो, आणि आल्यावर देऊळ. एक दिवस लॅबमध्ये एका पार्टीची परदेशातली कॅसेट आली, त्यांच्या लग्नाच्या व्हिडिओत घालायला. लावली तर काळीपांढरी. मी म्हटलं, खराब आहे. मालक हसला. "अरे भाई, खराब नहीं है. उधर का सिस्टम अलग है. अपने पुराने टीवी पे कलर नहीं आता."

रतन, मी तसाच उठलो. मालकाला सांगितलं का नाही, तेही आठवत नाही. बसमध्ये उभा राहून आलो. दिव्यांना रंग आहेत! खुणांना रंग आहेत! इतकी वर्षं आपण देवळात आंधळ्यासारखे हात मारून राहिलो होतो! तू दुकानात होतास, कोणाचा तरी टीव्ही पालथा घालून त्यावर वाकलेला. मी दारातूनच ओरडलो, "रतन, गेम रंगीत हाय बे!"

तू सोल्डरिंगची डागणी खाली ठेवलीस. "मालूम हाय मले."

"काय मालूम हाय?"

"दुकानात लागलो त्याच्या दुसऱ्याच साली समजलं. एक लहानशी पट्टी बसवा लागते टीव्हीत. रंग येते."

"मंग काऊन नाई बसवली?"

तू माझ्याकडं पाहिलंस. ते पाहणं अजून डोळ्यांपुढून हटत नाही. "रंग आला का दिवे लागतीन. दिवे लागले का गेम सपंल. मंग?"

मी तुला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही, तुला पाठ असेल. माझी जवानी त्या देवळात गेली, असंसुद्धा बोललो. तू फक्त एवढंच म्हणालास, "तुले कोनती घाई हाय?" मी तिथून निघालो तो धानाची कापणी होऊन मळणी होईपर्यंत आलो नाही. आलो तेव्हा तू दारातच खाटेवर बसला होतास. "ये," म्हणालास. मी रिमोट उचलला, पोरीला विहिरीवरून काढलं आणि देवळाकडं नेलं. डोंगा परत आला. त्या भांडणावर आपण पुन्हा एक शब्द बोललो नाही. ते तसंच पडून आहे, आणि आता दोघांपैकी एकच जण भांडायला उरला आहे.

भांडण मनात उगाळता उगाळता मला काय कळलं, ते सांगू? ऐकवतो, आता तू उठून जाऊ शकत नाहीस. तुला गेमची पडलीच नव्हती. तुला मी यायला पाहिजे होतो. दवाखान्यात नाही, बिचाऱ्याची विचारपूस करायला नाही. रिमोट घेऊन, दात-ओठ खात, तुझ्याशी भांडत. गेम संपला असता तर मी गोंदियाहून कशाला आलो असतो, असं तुला वाटलं. गाढवा, आलो असतो. हे तुला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, पण तू विचारलं नाहीस आणि मला सुचलं नाही.

मग माझ्याकडं लॅपटॉप आला, नेट आलं. शोधता शोधता एक दिवस तो डोंगा दिसला. तोच म्हातारा, तीच पोरगी. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी एकमेकांना न पाहता, वर्षानुवर्षं बसून त्या गेमचा एक एक शब्द इंग्रजीत केला होता. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पैसे देत नव्हतं. जगात आपल्यासारखे आणखी आहेत हे पाहून मला रडू आलं, आणि मग मी तो उतरवून घेतला आणि इथं फुलचूरला बसून खेळलो. रंगात. देवळातले दिवे एका बैठकीत लागले. अगदी सोपं होतं. लहान लेकरालाही जमलं असतं. क्रम मी पाठ केला.

तुला काहीच ऐकायचं नव्हतं, तरी आता ऐक. ती एका राजाची मुलगी होती. शाप, राक्षस, हरवलेलं राज्य, नेहमीचंच. खानावळवाली खानावळवाली नव्हतीच, ती औषधं विकायची. बकऱ्या कुठंच नव्हत्या. तुझी गोष्ट त्यापेक्षा किती तरी चांगली होती, हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नसतं. आणि म्हातारा? फक्त नावाडी. ना तुझा बाप, ना माझा वैरी. त्याला साधं नावसुद्धा नव्हतं. आपण दोघंही हरलो. आणि फराक, रतन, फराक पांढरा निघाला. रंगीत गेममध्ये फराक पांढरा!

शेवट असा आहे की दिवे विझू नयेत म्हणून कोणीतरी देवळात राहावं लागतं. ती राहते. डोंगा तिला न घेता परत येतो.

लॅपटॉप पिशवीत घालून मी तुझ्याकडं आलो. थंडी होती, तू दोन चादरी घेऊन खाटेवर पडला होतास. पिशवीकडं पाहिलंस, मग माझ्या तोंडाकडं. "काढू नको," म्हणालास.

"तुले कसं मालूम, काय हाय त्यात?"

"तुह्या थोबाडावर दिसून राहिलं. सपवला तू."

"आयकायचं नाई काय?"

"नाई. माय अजून आयकून राहिली न." मग म्हणालास, "पिवरा होता न फराक?"

मी म्हटलं, "लाल." तू हसलास. त्यानंतर मी तुला कधी इतकं हसताना पाहिलं नाही. एवढ्या हसण्यासाठी मी खोटं बोललो, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

आज मी लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ कापतो, जोडतो. मालक म्हणतो, तुला कुठं थांबायचं ते बरोबर कळतं, नवरी मागं वळून पाहते तिथं तू कापत नाहीस. ते मी कुठं शिकलो, हे त्याला माहीत नाही. पाटीवरची अक्षरं संपली तरी तू लगेच पुढं जायचा नाहीस. बायकांची बोटं क्षणभर मंदावेपर्यंत थांबायचास, आणि मगच मला म्हणायचास, दाब.

काल गेलो तुझ्या घरी. तू नसताना ते दार ओलांडायला कसं वाटलं, ते सोडून देतो. मावशी समोरच्या खोलीत सूप घेऊन बसली होती. आता बिडीचं काम फार राहिलं नाही, शेजारच्या बायका येत नाहीत, पण ती बांधते. डब्ब्यावर तू टाकलेलं फडकं तसंच होतं. मी पिशवीतून लॅपटॉप काढलाच नाही. डब्बा सुरू केला, तुझा जुना टीव्ही लावला. पोरगी विहिरीजवळ उभी होती, तू गेलास त्याच्या आधीपासून.

"सांग बावा," मावशी म्हणाली. डोळे सुपात.

रतन, मी रिमोट उचलला. मग मी कालचं काय झालं ते सांगायला लागलो, तुझ्यासारखं. पोट्टी पानी पेली. पिवळा फराक घातला. हो, पिवळा. घे, जिंकलास. म्हाताऱ्यानं मुंडासं बांधलं, डोंगा काढला. मावशी हुंकार भरत होती. देऊळ आलं. मी करड्या दिव्यांकडं पाहिलं आणि पाठ केलेल्या क्रमानं बटण दाबत गेलो, आणि एक एक दिव्याला रंग सांगत गेलो. हा तांबडा, मावशी. हा हिरवा. हा हयदीचा. काळ्यापांढऱ्या पडद्यावर सगळे दिवे लागले. पाणी भरलं नाही. दार उघडलं. पोरगी आत गेली.

आणि मग तळं आलं, आणि तळ्यातून अलीकडं येणारा डोंगा. माझं तोंड बंद पडलं. बिडी बांधायचा बारीक आवाज तेवढा येत होता. तू असतास तर इथं काहीतरी केलं असतंस. तुला लगेच सुचलं असतं.

"थांबला काऊन?" मावशी म्हणाली. "आला का डोंगा परत?"

"आला."

"पोट्टी हाय न त्यात?"

हो म्हणणं किती सोपं होतं. आजवर प्रत्येक वेळी हो म्हटलं गेलं होतं त्या खोलीत. मी पडद्याकडं पाहिलं.

"नाई, मावशी. म्हातारा एकलाच हाय."

तिची बोटं थांबली. धागा अर्धा मारलेला. ती वर पाहत नव्हती. मग म्हणाली, "मंग पोचली."

मी रिमोट खाली ठेवला.

"दर खेपेले परत येत होती न ते. यावेळी नाई आली म्हनजे पोचली." आणि तिनं मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं. इतक्या वर्षांत तिला काम अर्धं टाकून सूप बाजूला ठेवताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग पदर तोंडाला लावला आणि ती रडली, मोठ्यानं, तुझं नाव घेऊन. मी तिच्याजवळ खाली जाऊन बसलो. सुमनबाई आवाज ऐकून दारात आली आणि न विचारता तीही बसली.

डब्बा मी बंद केला नाही. पडद्यावर ज्यांनी तो गेम केला त्यांची नावं खालून वर जात होती, त्याच उकरलेल्या अक्षरांत, एकामागून एक. मला एकही वाचता आलं नाही. तू असतास तर सगळी वाचून दाखवली असतीस.